तळ्याकाठचा मनुष्य
(व्यायाम, खेळ आणि उपेक्षित बांधव : एक शास्त्राभ्यास)

शास्त्रपाठ : योहान ५:१–१५
जोडीला वाचावे : १ करिंथ ६:१९–२०, १ करिंथ १२:१४–२६, १ तीमथ्य ४:८, जखऱ्या ८:४–५

मुख्य विचार : शरीर हे देवाचे मंदिर आहे असे आपण मानतो. तर मग ज्यांना ह्या मंदिराची निगा राखण्याची संधीच मिळत नाही, त्यांना ती मिळवून देणे हेही मंडळीचे कर्तव्य होय.

प्रस्तावना

पौलाने करिंथकरांस लिहिलेले शरीररूपी मंदिराविषयीचे वचन आपल्या उपदेशांतून वारंवार ऐकू येते. बहुधा ते तंबाखू, दारू व अनीती ह्यांच्या विरोधात सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु ह्या वचनाला आणखी एक बाजू आहे. माझे शरीर मंदिर असेल, तर माझ्या घरी धुणीभांडी करणाऱ्या भगिनीचे शरीरही मंदिर आहे. हातरिक्षा ओढणाऱ्याचे, आंधळ्या मुलाचे, वस्तीतल्या मुलीचे शरीरही तितकेच पवित्र आहे. आपण सकाळी फिरावयास जातो, आपली मुले खेळाच्या वर्गास जातात. मग ह्या इतरांनी कोठे जावे?

तीमथ्याला लिहिताना पौल शारीरिक कसरतीचा उपयोग थोडा आहे असे म्हणतो व सुभक्तीला वरचे स्थान देतो. काही जण ह्याचा अर्थ व्यायाम व्यर्थ आहे असा करतात. पौलाने तुलना केली आहे, निषेध केलेला नाही. शिवाय, दुसऱ्याच्या देहाची काळजी वाहणे हा सुभक्तीचाच भाग आहे. भुकेल्यास अन्न व नग्नास वस्त्र देण्याविषयी प्रभूने जे शिकवले, त्यातून हेच स्पष्ट होते.

१. कलकत्त्याच्या मैदानाची साक्ष

ह्या विषयाचा अभ्यास करावयाचा तर कोलकाता शहरासारखे दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल. पूर्वीच्या ह्या कलकत्त्याच्या मध्यभागी सुमारे एक हजार एकरांचे विस्तीर्ण ‘मैदान’ आहे. १७५७ च्या प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांनी नवा फोर्ट विल्यम किल्ला बांधावयास घेतला, तेव्हा गोविंदपूर हे गाव उठवून ही जागा मोकळी करण्यात आली. आज तेथे सकाळ-संध्याकाळ हजारो लोक चालतात, धावतात व खेळतात. परंतु मैदान मोकळे असले म्हणजे खेळ सर्वांसाठी मोकळा होतो असे नाही, हेच ह्या शहराच्या इतिहासावरून दिसून येते.

बंगालमध्ये फुटबॉलचा पाया घालणारांपैकी नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी हे प्रमुख होत. १८८० च्या दशकात त्यांच्या वेलिंग्टन क्लबमध्ये मणी दास नावाच्या तरुणाला सभासद करून घेण्याचा प्रश्न निघाला. तो कुंभाराचा मुलगा. उच्चवर्णीय सभासदांनी हरकत घेतली. नगेंद्रप्रसादांपुढे दोन मार्ग होते : मणी दासला परत पाठवावे, अथवा आपल्या मित्रांना दुखवावे. त्यांनी क्लबच मोडून टाकला! पुढे शोभाबाजार क्लब उभा राहिला व त्यात मणी दासला मानाने प्रवेश मिळाला. ह्याच शोभाबाजार क्लबने १८९२ साली ट्रेड्स कप स्पर्धेत ईस्ट सरे रेजिमेंटच्या गोऱ्या संघाला हरवले. सर्वाधिकारी हे ख्रिस्ती नव्हते, पण भिंत कोठे आहे हे त्यांनी ओळखले व ती पाडण्याची किंमत स्वतः भरली.

ह्यानंतर २९ जुलै १९११ रोजी मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २–१ असे हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली. त्या अकरा खेळाडूंपैकी दहा जण अनवाणी खेळले. पायांत बूट घातलेला एकच खेळाडू होता, तो म्हणजे सुधीर चॅटर्जी. ते ख्रिस्ती होते व पुढे त्यांनी पाळकपणाची दीक्षा घेतली. एका ख्रिस्ती मनुष्याचे नाव ह्या विजयात आहे ह्याचा आपणांस आनंद वाटावा. परंतु त्याच काळात ख्रिस्ती म्हणवणाऱ्या गोऱ्या लोकांचे क्लब ‘नेटिवां’ना दार बंद करून बसले होते, हेही आपण विसरू नये. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या कलकत्ता स्विमिंग क्लबचे दार तर स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षे भारतीयांना बंदच होते. पाणी होते, पण काठापर्यंत जाण्याची परवानगी नव्हती.

आपण महाराष्ट्रीय लोकांनी ह्यावर कलकत्त्याला हसू नये. पळवणकर बाळू हे चांभार समाजात जन्मलेले थोर गोलंदाज. पुण्यातील हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती, परंतु खेळाच्या मध्यंतरात त्यांना चहा मात्र बाहेर, वेगळ्या भांड्यात दिला जात असे. योगायोग पाहा : ज्या १९११ साली मोहन बागानने शील्ड जिंकली, त्याच साली बाळू भारतीय संघाबरोबर इंग्लंडला गेले व त्या दौऱ्यात त्यांनी शंभरांहून अधिक गडी बाद केले. त्यांच्या हातांतले सामर्थ्य संघाला चालत होते. तोच हात कपाला लागलेला मात्र चालत नव्हता.

२. आजच्या भिंती

आज क्लबच्या दारावर जातीची पाटी लावलेली नसते, तरीही भिंती उभ्या आहेत. व्यायामशाळेची फी, विशिष्ट बूट व कपडे, इंग्रजीतून दिल्या जाणाऱ्या सूचना, आरशासमोर आपल्याकडे पाहून हसणारे लोक, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नसणे, अंधारातून घरी परतण्याची भीती, चाकाची खुर्ची वर चढवता न येणाऱ्या पायऱ्या : ह्यांतील प्रत्येक गोष्ट न बोलता सांगते की, ‘हे तुझ्यासाठी नाही.’

कोणी म्हणेल, ‘जे दिवसभर काबाडकष्ट करतात, त्यांना व्यायाम कशाला?’ हा प्रश्न वरवर सयुक्तिक वाटतो, पण कष्ट व व्यायाम ह्यांत अंतर आहे. ओझे वाहणाऱ्याची पाठ व गुडघे झिजतात. शिलाई यंत्रावर वाकून बसणाऱ्या भगिनीची मान आखडते. तिचे बोट व डोळा राबतात, परंतु हृदय व फुप्फुसे तशीच राहतात. कष्टात शरीराचा एखादाच भाग शिणतो, आणि त्यात स्वतःची इच्छा नसते. खेळात सर्व शरीर हलते, मनाला विसावा मिळतो आणि क्षणभर का होईना, मनुष्य कोणाचा नोकर नसतो.

शिवाय आजार आता गरीब-श्रीमंत असा भेद करीत नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मधुमेहविषयक पाहणीत असे आढळले की, महाराष्ट्रासारख्या सधन राज्यांच्या शहरांत मधुमेहाचे प्रमाण सुस्थितीतील लोकांपेक्षा दुर्बल आर्थिक स्थितीतील लोकांत अधिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२२ मध्ये भारतातील सुमारे ५७ टक्के प्रौढ स्त्रिया व ४२ टक्के पुरुष पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते. म्हणजे स्त्रिया मागे आहेत, आणि त्याला त्यांचा आळस कारण नाही. त्यांना वेळ, जागा व सोबत मिळत नाही.

३. बेथेस्दाच्या तळ्याकाठी

आता मुख्य शास्त्रपाठाकडे वळू. यरुशलेमेत बेथेस्दाचे तळे होते. त्याच्या पाच पडव्यांत अंध, लंगडे व लुळे असे रोगी पडून होते. त्यांतला एक अडतीस वर्षांचा रोगी. त्याचे गाऱ्हाणे नीट ऐका. पाणी नाही असे तो म्हणत नाही. तो म्हणतो की, मला पाण्यापर्यंत नेणारे कोणी नाही, आणि माझ्या आधी दुसराच उतरतो. जो धडधाकट तो पहिला, अशी त्या तळ्याची रीत झाली होती. आमची मैदाने, उद्याने व व्यायामशाळा ह्यांची रीत ह्याहून वेगळी आहे काय?

प्रभू येशूने त्या मनुष्याशी जे केले त्यातून आपणांस पाच धडे मिळतात.

(अ) प्रभू तेथे गेला. सण होता, नगर गजबजलेले होते. तरी प्रभू पडव्यांतल्या रोग्यांकडे गेला. सरस्वतीपूरची हकिकत ह्या संदर्भात पाहण्याजोगी आहे. २००४ साली कोलकात्यात पॉल वॉल्श ह्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या पुढाकाराने ‘जंगल क्रोज’ हा रग्बी संघ सुरू झाला. त्यातूनच पुढे वस्त्यांतील मुलामुलींना रग्बी शिकवण्याचे काम उभे राहिले. रग्बी हा तसा साहेबांचा खेळ. ह्याच शहरातील इंग्रजांच्या फुटबॉल क्लबने १८७० च्या दशकात आपला गाशा गुंडाळताना बँकेतील चांदीचे रुपये वितळवून ‘कलकत्ता कप’ घडवला, व त्यासाठी आजही इंग्लंड व स्कॉटलंड झुंजतात. तो खेळ कोलकात्याच्या झोपडपट्टीत परत आला, आणि २०१३ च्या सुमारास एका कॅथलिक धर्मगुरूंच्या विनंतीवरून तो उत्तर बंगालमधील जलपायगुडी जिल्ह्यात, सरस्वतीपूर चहामळ्यातील आदिवासी मजुरांच्या मुलींपर्यंत पोहोचला. ह्या मुलींना कोलकात्याला बोलावले नाही. शिक्षकच मळ्यात गेले. त्या मळ्यातून भारतीय महिला संघाच्या खेळाडू निघाल्या. आमच्याकडे या, असे फलकावर लिहिणे सोपे आहे. तुमच्याकडे येतो, असे म्हणून उठणे ही ख्रिस्ताची रीत होय.

(ब) प्रभूने विचारले. बरे होण्याची इच्छा आहे काय, असे त्याने त्या मनुष्याला प्रथम विचारले. अडतीस वर्षांच्या रोग्याला हे काय विचारावे, असे आपणांस वाटेल. परंतु विचारण्यात मान असतो. आपण मात्र वस्तीतील भगिनींसाठी सकाळी सहाचा वर्ग ठेवतो, ज्या वेळी त्या पाण्याच्या नळावर उभ्या असतात. मग ‘ह्या लोकांना आवडच नाही’ असा निष्कर्ष काढतो. त्यांना विचारले असते तर कळले असते की, दुपारी दोन ते चार ही त्यांची मोकळी वेळ आहे.

(क) प्रभूने अडचण ऐकून घेतली. त्याने त्या मनुष्याला आळशी म्हटले नाही. अडचण ऐकली की खेळच मनुष्याला साजेसा करता येतो. १८९७ साली लालबिहारी शाह ह्या बंगाली ख्रिस्ती गृहस्थांनी कलकत्त्यात अंधशाळा स्थापन केली व बंगाली भाषेसाठी ब्रेल लिपी सिद्ध केली. डोळ्यांनी वाचता येत नसेल तर बोटांनी वाचावे, हे जसे अक्षरांचे, तसेच खेळाचे. अंधांच्या क्रिकेटमध्ये चेंडूत छर्रे घातलेले असतात. तो खुळखुळत येतो व फलंदाज कानांनी त्याचा वेध घेतो. चेंडू टाकण्यापूर्वी गोलंदाज त्याला हाक देतो. २०१२ साली भारताच्या अंध खेळाडूंनी पहिला ट्वेंटी-२० विश्वचषक जिंकला, तो असाच. नियम थोडे बदलले तेव्हा खेळाडू अपंग राहिला नाही.

मुलींच्या अडचणीही अशाच ऐकाव्या लागतात. कोलकात्यातील खिदिरपूर परिसरातील रझिया शबनम ह्यांनी मुस्लिम घरातून पुढे येऊन मुष्टियुद्ध शिकले. त्या प्रशिक्षक झाल्या व आंतरराष्ट्रीय पंचही झाल्या. शिकवणारी बाई आपल्याच वस्तीतली असली की, आईबापांचा अर्धा संकोच तेथेच संपतो.

(ड) प्रभूने त्याला स्वतःच्या पायांवर उभे केले. त्याची बाज दुसऱ्या कोणी उचलली नाही. त्यानेच ती उचलली. ज्या बाजेवर तो पडून होता, ती आता त्याच्या खांद्यावर आली. दयेच्या नावाखाली आपण लोकांना जन्मभर घेणारेच ठेवतो. कोलकात्यातील जंगल क्रोजच्या कामात वस्तीत खेळायला शिकलेले तरुणच पुढे धाकट्यांचे शिक्षक झाले. आपल्याही कामात दोन वर्षांनी शिट्टी कोणाच्या हाती आहे, ह्यावरून त्याची पारख करावी.

(इ) प्रभूने आपल्या नावाची अट घातली नाही. तेराव्या वचनात एक विलक्षण गोष्ट आहे : बरे करणारा कोण हे त्या मनुष्याला ठाऊकच नव्हते. प्रभू गर्दीतून निघून गेला होता. आपल्या देशात हा धडा फार मोलाचा आहे. चेंडू हे आमिष नव्हे. हिंदू, मुसलमान, बौद्ध, आदिवासी अशी जी मुले आपल्या अंगणात येतील, त्यांना खेळाच्या मोबदल्यात काही ऐकावे लागेल अशी अट असू नये. प्रीती ही प्रीती म्हणूनच द्यावी. पुढे मंदिरात प्रभू त्या मनुष्याला पुन्हा भेटला. ती वेळ प्रभूने निवडली. आपणही ती त्याच्यावर सोपवावी.

४. एक अपेक्षित हरकत

तो शब्बाथ दिवस होता. अडतीस वर्षे पडून असलेला मनुष्य चालू लागला ह्याचा आनंद धर्मपुढाऱ्यांना झाला नाही. त्याच्या खांद्यावर बाज का, एवढेच त्यांनी पाहिले. आपल्या मंडळ्यांतही असा आवाज उठेल : ‘चर्चचे आवार उपासनेसाठी आहे, वस्तीतल्या पोरांच्या दंग्यासाठी नाही. फुलझाडे मोडतील, काचा फुटतील.’ काचा फुटतील हे खरे, आणि त्या बदलताही येतात. सोमवारपासून शनिवारपर्यंत कुलूप लावून ठेवलेले आवार मात्र कोणाचे मंदिर राखते, हे पंच कमिटीने प्रार्थनापूर्वक स्वतःला विचारावे. दाट वस्तीच्या शहरांत मोकळी जमीन सोन्याहून महाग झाली आहे. जुन्या मिशनच्या कृपेने ती अनेक मंडळ्यांजवळ आहे. ही आपली मिळकत नसून विश्वस्तपणा आहे.

५. मंडळीने काय करावे?

पुढील गोष्टींना फार पैसा लागत नाही.

वेळ व जागा : शेजारच्या वस्तीत जाऊन प्रथम विचारावे. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी एक तास पुरेसा आहे. पिण्याचे पाणी व कुलूप न लावलेले स्वच्छतागृह ह्यांची सोय हवी. स्त्रियांसाठी वेगळी वेळ व शिकवणारी स्त्री असावी.

पोशाख व फी : फी नको. साडी, सलवार, अनवाणी पाय, सर्व चालावे. कोणाच्या वजनाची वा अंगाची सर्वांसमोर चर्चा होऊ नये.

प्रमाण : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल करावी, मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे. ह्या मार्गदर्शनात अपंग बांधवांचाही स्वतंत्र विचार केला आहे. सुरुवात दहा मिनिटांच्या चालण्यापासून करावी. चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये, इतका वेग पुरे.

सुरक्षितता : रिकाम्या पोटी आलेल्या मुलाला आधी केळे किंवा चणे-गूळ द्यावे, मग खेळवावे. मंडळीतील परिचारिकांनी मोठ्यांचा रक्तदाब पाहावा. छातीत दुखणे, चक्कर किंवा धाप लागणे असा त्रास असणारांनी डॉक्टरांना दाखवूनच व्यायाम सुरू करावा. वृद्धांना खुर्चीवर बसून हातपाय हलवण्याचे प्रकार शिकवावेत. मुलांबरोबर नेहमी किमान दोन जबाबदार प्रौढ असावेत.

खेळांची निवड : लंगडी, खोखो, कबड्डी, लगोरी ह्यांना साहित्य जवळजवळ लागत नाही. जिंकणाऱ्यालाच बक्षीस देण्यापेक्षा सर्वांना खेळावयास मिळेल असे नियम ठेवावेत. पौलाने एका शरीराचा दृष्टांत देताना अशक्त वाटणारे अवयव अधिक आवश्यक म्हटले आहेत. संघ निवडताना शेवटी उरणारा मुलगा कोण, ह्याकडे त्या दृष्टीने पाहावे.

उपसंहार

जखऱ्या संदेष्ट्याने उद्ध्वस्त यरुशलेमेच्या पुनरुद्धाराचे चित्र रेखाटले आहे. त्यात तो राजवाडा किंवा सैन्य दाखवीत नाही. हाती काठी घेतलेले म्हातारे-म्हाताऱ्या निर्धास्त बसले आहेत आणि रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरले आहेत, असे तो सांगतो. देव एखाद्या नगरात परत आला आहे हे कशावरून ओळखावे, तर तेथे वृद्ध सुरक्षित आहेत व मुले खेळत आहेत ह्यावरून! त्या मुलांत मुलीही आहेत हे संदेष्ट्याने आवर्जून नोंदवले आहे.

बंधुभगिनींनो, तळी व मैदाने पुष्कळ आहेत. काठावर पडून असलेला मनुष्य आजही हेच म्हणतो की, मला नेणारे कोणी नाही. ते ‘कोणी’ होण्यास प्रभू आपणांस पाचारण करीत आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या चर्चच्या आवारात आठवड्यातील किती तास कोणीही नसते? त्या वेळी भोवतालची मुले कोठे खेळतात?
२. आपल्या मंडळीतील अपंग, वृद्ध व मोलमजुरी करणाऱ्या सभासदांपैकी किती जण सहलीत व क्रीडादिनात भाग घेतात? जे घेत नाहीत त्यांना कारण विचारले आहे काय?
३. नगेंद्रप्रसादांनी एका मनुष्यासाठी क्लब मोडला. तशी वेळ आली तर आपली मंडळी काय सोडावयास तयार आहे?
४. योहान ५:१३ वरून, नावाची अपेक्षा न धरता केलेल्या सेवेविषयी आपण काय शिकतो?

प्रार्थना

हे प्रभू, तू आमच्यासारखाच देह धारण केलास, चाललास, थकलास व विसावलास. आमच्या देहांबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो. ज्यांच्या देहाकडे आम्ही केवळ काम करणारे हात म्हणून पाहिले, त्यांच्यात तुझे मंदिर पाहावयास आम्हांस शिकव. आमच्या आवारांची कुलपे उघड, आणि आमची मने त्याआधी उघड. आमेन.